आकड्यायची वाकळ

माह्या हातची एक वाकळ बुलढाण्याच्या हापिसात कागद म्हनून जमा हाये. वाकळ म्हंजे जुन्या लुगड्या-धोतराचे थर लावून शिवलेली, थंडीत आंगावर घ्याची, तेच. पन या वाकळीले शिक्का हाये, नंबर हाये, अन् सायबाची सही हाये. माह्या सुनंले हे सांगतलं तं तिनं पदर तोंडाले लावला अन् हासली. तिच्या माहेरचा साधा अर्ज सरकारात कधी टिकला नाही, अन् हासते मले.

महाराष्ट्र नुकताच झालता. मुंबईत मंत्री, बुलढाण्याले जिल्हा परिषद, मेहकरले पंचायत समिती, अन् सुलतानपुरात आमचे हे, शेषराव, ग्रामसेवक. सरकार वरून खाली येता येता यायच्यापाशी येऊन थांबे, अन् जे काम यायलेही जमलं नाही ते घरात माह्यापाशी येये. मी सातवी पास होती. त्या काळात आमच्या आळीत सातवी पास बाई म्हंजे देवळातल्या घंटीसारखी. कोनाचं काही अडलं का येऊन हालवून जाये.

त्या साली हुकूम आला. आमच्या भागात एक ढोरायचा दवाखाना मंजूर होनार. डाक्तर, कंपाउंडर, औषधं, सारं त्यात. पन दवाखाना एक अन् गावं दोन. इकडं आमचं सुलतानपूर, तिकडं बीबी. ज्या गावात मोठी ढोरं जास्त, म्हंजे बैल, गाई, म्हशी धरून, त्या गावाले दवाखाना. मोजून आकडे तयार ठेवा, बुलढाण्याहून आकड्यायचे साहेब येतीन अन् पाहून ठरवतीन.

ढोरायच्या दवाखान्याचं एवढं काय, असं वाटत असंल तं आमच्या शेजारच्या कौशल्याबाईले इचारा. तिची चांदी नावाची म्हैस होती, कपाळावर पांढरा ठिपका. घर त्या म्हशीच्या भरोशावर चाले. उन्हाळ्यात चांदीचं पोट फुगलं. गाडीत घालून मेहकरच्या दवाखान्यात न्याले निघाली, अन् मेहकरची घरं दिसू लागली तवा म्हैस गेली. कौशल्याबाई परत आली ते गाडीत नुसता दोर घेऊन. तो दोर तिनं मग चांदीच्याच वगारीच्या गळ्यात बांधला. ती वगार आता पहिल्यांदाच गाभन होती, अन् कौशल्याबाई रोज तिच्या पोटाले हात लावून मले इचारे, "सत्यभामाबाई, डाक्तर आंधी येईन का पिल्लू आंधी येईन वो?" मी काय सांगू. मी सातवी पास होती, जोतिषी नव्हती.

तं मोजनी. हुकमात लिहेल होतं, आकडेवारी टिकाऊ, सुटसुटीत अन् कोनालेही वाचता येईन अशा स्वरूपात ठेवा. कोनत्या स्वरूपात, हे लिहाचं राहून गेल्तं. आमचे हे एस.टी.नं मेहकरले गेले, छापील रजिस्टर मांगाले. कारकून म्हने, रजिस्टर संपले. मंग कधी येतीन? मांगनी केल्यावर. मांगनी कशी कराची? मांगनीच्या छापील नमुन्यावर. मंग नमुना द्या. नमुना संपला. संध्याकाळी हे घरी आले ते हातात एक टाचनी घेऊन आले. तिथं तेवढीच शिल्लक होती म्हने.

मंग यायनं शाळेच्या वह्या एकाले एक शिवून घरचंच रजिस्टर बनवलं. आडवी घरं, उभी ढोरं, पट्टीनं आखेल. दिसाले लय चांगलं. पन ढोर काय कागदावर बसून राह्यते का? सकाळी रंगरावचा बैल रंगरावच्या नावावर लिहला. दुपारी त्यायनं तो भावाले देल्ला. संध्याकाळी भावजयीशी भांडन झालं, बैल परत आला. हे आपले खोडून राह्यले, लिहून राह्यले, पुन्हा खोडून राह्यले. चार दिवसात त्या पानावर शाई जास्त अन् कागद कमी. तरी यायनं ते जपून फडताळात ठेवलं, अन् फडताळात वाळवी होती. वाळवीनं नेमके आकड्यायचे रकाने खाल्ले अन् नावं तशीच ठेवली. उघडून पाह्यतो तं साऱ्या गावाचे नावं हायेत अन् कोनापाशी एक शेपूट नाही. जसं काई अख्ख्या गावानं ढोरं दान करून संन्यास घेतला.

हे ऐकून रंगराव आले. रंगराव बुलढाण्याच्या कोर्टात पट्टेवाले होते, पेन्शनीत गावाले आल्ते, पन मानूस तेवढा गावाले आला, जीभ बुलढाण्यालेच राह्यली. "वैनी," ते म्हनले, "वही हे स्वरूपच चुकीचं. आमच्या बुलढाण्यात सुटे कागद असतात. एका घराले एक कार्ड. ढोर मेलं का कार्डावर फुली. मानूस मेला का कार्डच काढून फेका. फितीत ओवाचे अन् लटकवून द्याचे. ना वाळवी, ना खोडाखोड."

मले पटलं. जाड कागद कुठून आनाचा? मी लग्नपत्रिका काढल्या. आमच्याकडं जपून ठेवत, कोनं काय आहेर केल्ता ते मागं लिहेल राह्ये. दोन-दोन पत्रिका ज्वारीच्या पिठाच्या खळीनं चिकटवल्या, त्यावर आकडे घातले, लाल फीत ओवली अन् ओसरीत टांगले. वारा आला का अख्खं गाव डोले. मी आल्यागेल्याले दाखवो.

खळ पिठाची होती हे आमच्या आत्याबाईच्या शेळीले बरोबर समजलं. आत्याबाई म्हंजे माह्या सासूबाई. त्यायनं शेळी सोडली अन् त्या वाती वळत बसल्या. शेळीनं फितीच्या खालच्या टोकापासून सुरवात केली अन् वरच्या आळीपर्यंत गेली. मी आली तवा तिच्या तोंडातून फीत तेवढी लोंबून राह्यलती. खरं सांगते, त्या शेळीले पुढं दोन पिल्लं झाली अन् दोघायच्या आंगावर उभ्या-आडव्या रेघा होत्या, आखेल रकान्यासारख्या. पाह्यनारे आता कोनी राह्यले नाहीत, म्हनून तुमाले माह्यावर भरोसा ठेवा लागंन.

"कोर्टात शेळी नसते ना वैनी," रंगराव म्हनले.

"मंग हे आंधी सांगाचं होतं भाऊजी."

तिसरी अक्कल कौशल्याबाईची. ती म्हने, लिहाची भानगडच काऊन? दाने ठेवा. बैलाले ज्वारीचा दाना, गाईले तुरीचा, म्हशीले उडदाचा. एका घराले एक चिंधी, तिची पुरचुंडी. ढोर वाढलं, दाना टाका. ढोर इकलं, दाना काढा. आडान्यालेही वाचता येते. मले तं हे साऱ्यात बेस वाटलं. पुरचुंड्या बांधून मडक्यात भरल्या अन् मडकं चुलीमागच्या कोनाड्यात ठेवलं, शेळीपासून दूर.

आत्याबाईले वाटलं, सून कंजूस हाये, चिमूट चिमूट धान्य बांधून लपवून ठेवते. त्यायनं साऱ्या पुरचुंड्या सोडल्या, धान्य पाखडलं, अन् त्याचं मिसळीचं वरन केलं. आम्ही सारे जेवलो. यायनं तं दोनदा मांगून घेतलं. मंग मी कोनाड्यात हात घातला.

मधात एकदा परसातल्या भिंतीवर गेरूनं लिहून पाह्यलं. त्याचं जास्त सांगत नाही. आत्याबाईले लिहेल भिंत पाह्यली का शेन-मातीचा हात फिरवावासा वाटे, एवढंच.

अशात बीबीचे ग्रामसेवक सायकलीवर आले. शालिग्राम त्यायचं नाव. आमच्याच गावचे जावई, म्हनून येनं-जानं राह्ये, अन् जावयाचा तोरा बाराई महिने राह्ये. काखेत त्यायचं रजिस्टर. त्याले खाकी कागदाचं कव्हर, दोन रंगाच्या शाया, अक्षर मोत्यासारखं. कुठी एक खाडाखोड नाही. मी इचारलं, "एवढं चांगलं रजिस्टर कुठून भेटलं भाऊजी?" तं म्हने, "तुमाले भेटाच्या आंधी मीच सारे उचलून आनले वैनी." मंग यायच्याकडं पाहून म्हने, "काय शेषराव, येत्या गुरवारी साहेब येऊन राह्यले. तुमची आकडेवारी कुठी हाये?"

हे जिमिनीकडं पाह्याले लागले. मी म्हनलं, "थोडी शेळीनं खाल्ली, थोडी आम्ही जेवलो."

शालिग्राम सायकलीवर बसेपर्यंत हासले अन् बसल्यावरही हासले. वेशीपर्यंत ऐकू आलं. यायनं त्या दिवशी भाकर खाल्ली नाही. माह्या जिवाले ते लागलं. भाकरीचं नाही, हासन्याचं.

थंडी जवळ आल्ती, अन् आमच्या आंगनात वाकळी शिवाले बाया बसत. कौशल्याबाई माह्यासमोर एक तांबडं ठिगळ लावून राह्यलती, टाका-टाका करून. मी पाह्यत बसली. अन् माह्या डोक्यात असं लख्ख झालं का सुई बोटात गेली तरी समजलं नाही. वाळवी कागद खाते, वापरातली वाकळ खात नाही. शेळीले खळ लागते, इथं खळ नाही. आत्याबाई वाकळ शिजवनार नाहीत, अन् वाकळीले शेन लावनार नाहीत. ढोर इकलं तं ठिगळ उसवा. घेतलं तं लावा. धुतली तरी आकडा जाईन कुठी?

यायले सांगतलं तं हे म्हने, "अवो, सरकारले का वाकळ पाठवाची असते?"

"सरकारले थंडी वाजत नाही का?" मी म्हनलं. "टिकाऊ हाये का? हाये. सुटसुटीत हाये का? घडी घाला, काखेत मारा. वाचता येते का? पाह्य म्हना." यायच्यापाशी टाचनीशिवाय दुसरं काही नव्हतं, म्हनून यायनं मान डोलवली.

बेत असा केला. गाव जसं हाये तशी वाकळ. वरची आळी वर, खालची खाली. एका घराले एक चौकोन, अन् चौकोन त्याच घरच्या बाईच्या जुन्या लुगड्याचा, म्हंजे कोनाचं घर हे नाव लिहाचं काम नाही. कौशल्याबाईचा हिरवा, रंगरावच्या घरचा वांगी रंगाचा. चौकोनावर ठिगळं. धोतराचं पांढरं ठिगळ म्हंजे बैल, खनाचं तांबडं म्हंजे गाय, काळं म्हंजे म्हैस. काळं कापड कुठी भेटंना, तं रंगरावनं कोर्टातली आपली जुनी छत्री देल्ली. देताना अशी देल्ली जसं पोरगी सासरी धाडून राह्यले.

बायाच आपापल्या घरची ढोरं सांगत अन् बायाच लावत. मोजनी अन् शिवन एका बैठकीत. कामाले असा रंग आला का काय सांगू. शेवटचे दोन दिवस मले माह्या आतेबहिनीच्या पोरीच्या लग्नाले लोनारले जा लागलं. आली तवा वाकळ पुरी होऊन घडी घालून ठेवेल. मी वरूनच हात फिरवला, "बेस झाली" म्हनलं अन् पेटीत ठेवून देल्ली. उघडून पाह्यली असती तं ही गोष्ट इथंच संपली असती.

गुरवारी साहेब आले. पुन्याकडचे होते, गोरे, चष्मेवाले, बोलनं असं स्वच्छ का ऐकताना आपनच कान धुवावे. ओसरीत बाज टाकली. अर्धं गाव जमा. शालिग्राम आंधीच येऊन बाजेच्या बाजूले उभे. सायबानं त्यायचं रजिस्टर चाळलं अन् म्हनले, "वा. याला म्हणतात दप्तर." शालिग्रामनं माह्याकडं पाह्यलं. मी वाकळ उघडून बाजेवर टाकली.

साहेब उठून उभे राह्यले.

"शेषराव, हे काय आहे?"

"आकडेवारी साहेब," हे म्हनले. आवाज असा, जसा विहिरीतून.

मी पुढं झाली. रंग सांगतले, आळ्या सांगतल्या, चौकोन सांगतले. साहेब मानूस चांगला. वाकून पाह्यत गेले, बोट फिरवत गेले, अन् हळूहळू त्यायच्या तोंडावर मजा दिसाले लागली. म्हने, "म्हणजे हा गावाचा नकाशाही आहे. आणि बेरीज रंगारंगाने करता येते." मी शालिग्रामकडं पाह्यलं. साहेब मोजत मोजत कौशल्याबाईच्या हिरव्या चौकोनावर आले. "हे घर. एक गाय, एक म्हैस."

"म्हैस नाही साहेब," कौशल्याबाई गर्दीतून म्हनली. "एक गायच हाये मले. म्हातारी."

"पण इथे काळं ठिगळ आहे."

"असंल. पन म्हैस नाही."

अन् तवाच तिच्या गोठ्यातून वगार हंबरली. चांगली लांब हंबरली. कौशल्याबाई आभाळाकडं पाह्याले लागली.

मी वाकळीवर वाकली, अन् माह्या पायाखालची जिमीन सरकली. एका घराच्याच नाही, साऱ्याच घराच्या चौकोनाच्या कोपऱ्यात छत्रीच्या कापडाचं एक-एक काळं ठिगळ. मी लोनारले गेली तवा हे ठिगळं नव्हते.

"हे कोनं लावले वो?" मी बायायले इचारलं.

बायायनं एकमेकीले कोपरं मारली. मंग कौशल्याबाईच म्हनली, "आम्हीच लावले. बुलढाण्याचा साहेब आपल्या घरादारावर, ढोरावासरावर डोळे फाडून पाह्यनार. नजर नाही लागनार का? म्हनून घरागनीक एक तीट लावलं. लेकराच्या गालाले लावतो तसं."

शालिग्रामनं रजिस्टर छातीशी धरलं. "साहेब, म्हंजे घरामागं एक खोटी म्हैस. अख्खं गाव फुगवेल हाये."

आमचे हे मानूस सरळ. मले वाटलं काही तरी बोलून सावरतीन. हे म्हने, "हो साहेब. तीट म्हंजे म्हैस नव्हे. ते आकड्यातून वजा करा." वजा केलं तं बीबी आमच्यापुढं गेली. कौशल्याबाईचं तोंड असं झालं, जसं त्या रिकाम्या गाडीच्या दिवशी झालतं.

तवा मले दुसरी गोष्ट समजली. ज्या बाया ठिगळाले तीट लावतात, त्या ढोरायचा खरा आकडा सांगतीन का? आपल्याकडं कोनी गोठ्यातलं सारं धन बोलून दाखवते का? नजर लागते. एक ढोर तं प्रत्येकीनं मागं ठेवलंच असंल. मी सायबाले तसं सांगतलं. साहेबानं गावाले इचारलं, "कोणी जनावर लपवलं आहे का?" अन् अर्धं गाव कौशल्याबाईसोबत आभाळाकडं पाह्याले लागलं. त्या दिवशी आभाळात काहीच नव्हतं.

"असं करा," साहेब म्हनले. "मी आज लोणारला मुक्कामाला आहे. उद्या सकाळी शाळेच्या मैदानावर गावातलं सगळं जनावर उभं करा. मी स्वतः मोजतो. नाही जमलं, तर दवाखाना बीबीला."

साहेब गेले. हे डोकं धरून बसले. म्हने, "लपवेल ढोर सायबासमोर कोन आनते? ज्याले आकडा सांगाले भीती वाटते तो ढोर दाखवंन का?" बरोबर होतं यायचं. नजरंपुढं सरकारचं काही चालत नाही. पन नजरंपेक्षाही बायायले एक गोष्ट जास्त लागते, अन् ते रजिस्टरवाल्यायले काय माहीत.

मी कौशल्याबाईकडं गेली. उंबऱ्यावर बसली. कपाळाले हात लावला. ती म्हने, "काय झालं वो?"

"काही नाही बाई. सांगन्यासारखं नाही."

"सांग ना माय."

"शालिग्राम जाता जाता सायबाले काय म्हनला मालूम हाये? म्हने, सुलतानपूरच्या बायाजवळ म्हशी नाहीत, छत्र्या हायेत. म्हने, खुंटे रिकामे अन् ठिगळं भरपूर. बीबीच्या बाजारात आता हेच चालू राहीन म्हने."

शालिग्राम असं काहीच म्हनले नव्हते. पन त्यायच्या मनात होतं, मी फक्त तोंड देल्लं. कौशल्याबाई उठली. तिनं पदर खोचला. "खुंटे रिकामे म्हने?" अन् ती जे निघाली ते खालच्या आळीच्या शेवटच्या घरापर्यंत. मी घरी येऊन भाकरी टाकल्या. माहं काम झालतं.

सकाळी शाळेच्या मैदानावर पाय ठेवाले जागा नव्हती. बैल रंगवेल शिंगायचे, गाई झुली घालेल. ज्या म्हशी कोनी दोन-दोन वर्सं पाह्यल्या नव्हत्या त्या तेल लावून चकचकीत उभ्या. हिची तिले अन् तिची हिले पहिल्यांदाच दिसून राह्यलती. "तुह्यापाशी हे कधीपासून हाये वो?" "तुह्यापाशी ते हाये तवापासून." रंगरावनं घरात कोंडून ठेवेल गाय आनली. कोर्टातल्या मानसानं. मी त्यायच्याकडं पाह्यलं तं म्हने, "वैनी, कायदा वेगळा अन् नजर वेगळी." अन् साऱ्यात पुढं कौशल्याबाई, हातात चांदीचा दोर, दोराच्या टोकाले वगार, पोट हे एवढं. पन वगारीच्या कपाळाले काजळाचा टिक्का मात्र लावेल. तेवढं तिनं सोडलं नाही.

साहेबानं मोजलं. सायबासंगच्या पट्टेवाल्यानं मोजलं. मंग दोघायनं उलट्या टोकाकडून मोजलं. साहेबानं वाकळ मांगवली अन् तिटासकट सारी ठिगळं मोजली. मंग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अहो, हे जुळतंय."

जुळनारच. प्रत्येक घरानं एक ढोर लपवलं, अन् त्याच घरानं एक तीट लावलं. इकडची चोरी तिकडच्या ठिगळानं भरून निंघाली. कागदावर हे कधी जमलं असतं का सांगा? मी सायबाले म्हनलं, "आमच्या स्वरूपात चूकही हिशोबात धरेल असते." हे मले तितंच सुचलं, पन मी असं सांगतलं जसं महिनाभर आंधी ठरवेल होतं.

"फक्त एक जास्त आहे," साहेब म्हनले. "एक जनावर वाकळीत नाही. कोणाचं ते?"

साऱ्यायनं आपापली ढोरं धरली, तं मैदानाच्या कडंले एक म्हैस उरली, एका शिंगाची. शालिग्राम मजा पाह्याले आल्ते, ते आता हळूहळू सायकलीकडं सरकून राह्यलते. म्हशीनं मान वर केली, त्यायले पाह्यलं, अन् गर्दीतून सरळ वाट काढत गेली अन् त्यायच्या खांद्यावर मान घासाले लागली. रजिस्टर खाली पडलं. ते उचलाले वाकले तं तिनं त्यायची टोपी चाटली.

शालिग्रामचीच म्हैस. पावसाळ्यापासून चाऱ्यासाठी सासऱ्याकडं, म्हंजे आमच्या गावात, ठेवेल. अन् बीबीच्या रजिस्टरात पहिल्याच पानावर, मोत्यासारख्या अक्षरात लिहेल. साहेबानं पान उघडलं. "शालिग्राम, ही इथे आहे, तर तिथे कशी?" शालिग्राम म्हनले, "साहेब, मनानं बीबीतच हाये." मंग साहेबानं इचारलं, बाकीची ढोरं तरी गोठ्यात जाऊन मोजली का? तं समजलं, भाऊजीनं घरी बसून, लोकायले इचारून, सुवाच्य लिहलं. टोपी ओली होती, म्हनून मी त्यायले काही बोलली नाही. हासली फक्त, वेशीपर्यंत ऐकू जाईन एवढं.

दवाखाना सुलतानपूरले मंजूर झाला. पन आकडे बुलढाण्याले जमा कराचे, अन् साहेब म्हने, वाकळीला क्रमांक कसा देणार, ती नमुन्यात बसत नाही. तवा रंगराव पुढं आले. साऱ्या जन्माची वाट पाह्यलती त्यायनं त्या घडीची. "साहेब, आमच्या कोर्टात खुनाच्या कुऱ्हाडीले चिठ्ठी बांधून नंबर लावत. पुराव्यात घागर आल्ती, खाट आल्ती, एकदा कोंबडा आल्ता. वाकळीले काऊन नाही?" सायबानं चिठ्ठी मांगवली. चिठ्ठी बांधली, शिक्का मारला, तो कापडावर पसरला म्हनून दुसरा मारला, अन् वाकळ जीपमधे गेली. यायनं आपली टाचनी देल्ली चिठ्ठी लावाले. शेवटी कामी आली.

बुलढाणा डोंगरावर, थंडी लय. पुढं ऐकाले आलं का त्या हापिसात हिवाळ्यात सुलतानपूरची आकडेवारी पाह्याची मांगनी फार असते, अन् कारकून ती घरी नेऊन तपासतात. त्याच्या पुढच्या साली एक हुकूमही आला म्हने, साऱ्या गावायनं आकडेवारी अशीच पाठवावी, तीन प्रतीत. बीबीच्या बाया माह्याकडं टाका शिकाले आल्त्या. शालिग्रामची बायको साऱ्यात पुढं होती. मी शिकवलं. पन छत्री त्यायनं त्यायची आनली.

डाक्तर आले ते थंडी सरता सरता. दवाखाना म्हंजे एक टिनाचा सपर अन् एक टेबल. टेबल मांडून झालं नसंल, तं कौशल्याबाईची वगार आडली. पिल्लू आडवं होतं. डाक्तरनं कोटाच्या बाह्या वर सारल्या. कौशल्याबाईनं दोन्ही हातानं माहा हात धरला, अन् असा धरला का काकनं फुटली माही. दुपार कलली तवा पिल्लू बाहेर आलं, मादी, ओलं, कपाळावर पांढरा ठिपका. कौशल्याबाई खाली बसली अन् पिल्लाच्या कपाळावरून हात फिरवाले लागली. मले काही दिसंना. टिनाच्या सपराखाली धूळ लय होती.

मंग डाक्तरनं हात धुतले, कोरं रजिस्टर उघडलं, पहिलं पान. "बाई, नाव सांगा. आणि तुमच्याकडे म्हशी किती?"

कौशल्याबाईनं डोळे पुसले. समोर वगार पिल्लाले चाटून राह्यलती. तिनं तिकडं पाह्यलं, डाक्तरकडं पाह्यलं, पदर सावरला.

"एकई नाही, डाक्तरसाहेब."

"मग ही कोणाची?"

"ही ना," कौशल्याबाईनं माह्याकडं बोट केलं. "ही या सत्यभामाबाईची."

डाक्तरनं लिहून घेतलं. खोडाखोड न करता, चांगल्या अक्षरात. तवापासून सरकारच्या दप्तरात माह्या नावावर दोन म्हशी हायेत. पुढं त्यायची वंशावळही वाढत गेली असंल. माह्या दारात मात्र तवाही शेळीच होती, अन् कौशल्याबाईकडं दूध आनाले गेली का ती दरवेळी मापात एक पेला कमीच टाके. म्हने, "तुले काय कमी हाये वो, म्हशीवाली तू."